जाऊन येते

फ्लोराताई, हिबा अजून मागच्या दाराशीच बसते.

सकाळी नाझनीन लेकीला पुढच्या दारात सोडते. हिबा चौकटीवर थाप मारते, चपला काढते, आणि बाकीची पोरं लाल बादलीसाठी मारामारी करत असताना ही थेट स्वयंपाकघरात जाते आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसते. दोन वर्षांची पोर, पण बसते अशी की रेशनच्या रांगेत नंबर लावलाय. वनिता भाताचा वाडगा तिथेच नेऊन देते. "नाय उठत ती," ती मला सांगते. "आमी किती बोलवलं."

तुला जाऊन महिना होत आला. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ झाले. एवढी वर्षं पाळणाघर चालवलं, अर्ध्या पनवेलची पोरं हिच्या मांडीवर वाढली, वगैरे. ते खरंच आहे, पण मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला लाज वाटते आहे. आणि लाज वाटली की मी ज्या बाईकडे जाऊन बसायचे, तीच आता नाही. म्हणून हे कागदावर.

आपली ओळख भांडणातून झाली, आठवतं? माझा ओंकार तेव्हा वर्षाचाही नव्हता. मी नोकरीला बेलापूरला जायचे आणि सकाळी त्याला तुझ्याकडे सोडताना चांगल्या घरातल्या बाईसारखं म्हणायचे, "येते हं बाळा." आपल्याकडे निघताना "जाते" म्हणायची चोरीच. पण ओंकारला तेव्हा एकच क्रियापद येत होतं, "ये". घरी सगळे त्याला हात पसरून "ये, ये" करायचे. त्यामुळे मी "येते" म्हटलं की तो हसून दोन्ही हात वर करायचा, आणि मी पाठ फिरवून चालू पडायचे. मग तो असा टाहो फोडायचा की नाक्यावरचे रिक्षावाले माना वळवून बघायचे.

एक दिवस तू मला दारात अडवलंस. "सुनीता, तू त्याला रोज फसवतेस."

"मी? संध्याकाळी येतेच की."

"संध्याकाळ त्याला कुठे माहीत आहे? त्याला 'ये' माहीत आहे. तू येते म्हणतेस आणि जातेस. त्याने शब्द शिकायचा कसा?"

"मग काय जाते म्हणू? सासूबाई घराबाहेर काढतील."

"काढू देत. इथे जागा आहे."

मला तुझा इतका राग आला की दुसऱ्या दिवशीपासून मी शब्दच टाळला. तू ओंकारला खुळखुळ्यात गुंतवलंस की मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराने सटकायचे. दोन-चार दिवसांत तू त्या दाराला कडी घातलीस, आणि कडीला दोरी बांधून तिची अशी गाठ मारलीस की घाईत असलेल्या बाईला ती सुटणार नाही. म्हणालीस, "मागच्या दाराने चोर जातात. आई पुढच्या दाराने जाते. तोंड दाखव, सांग आणि जा. रडला तर तुझ्यासमोर रडू दे. नाहीतर तो खेळायचं सोडून दिवसभर दारं बघत बसेल."

शेवटी तोड निघाली ती गावाकडच्या बोलण्यातून. जाऊन येते. त्यात जाणंही आहे आणि येणंही. सासूबाईंनाही चालण्यासारखं होतं, कारण शेवट "येते"नेच होतो. आणि तू पोरांना त्याचं उत्तर शिकवलंस: मोठ्याने "ये" म्हणायचं आणि हात हलवायचा. ओंकार त्यानंतरही रडला. पण ते रडणं वेगळं होतं, आणि माझी पाठ वळेपर्यंत त्यातलं अर्धं संपलेलं असायचं.

पुढे मी नोकरी सोडली आणि तुझ्याबरोबरच काम करायला लागले, तेव्हा तो शब्द पोरांमध्ये कसा फिरतो ते मला दिवसभर बघायला मिळालं. कुणी शिकवत नव्हतं. एक पोर पडद्यामागे रांगत जाताना "दाऊन येते" म्हणायचं, की दुसरं "ये" म्हणायचं, आणि ते पडद्यातून तोंड काढलं की सगळी खिदळायची. मोरीत जाताना दाऊन येते. पलीकडच्या चटईवर जाताना दाऊन येते. मुलगेसुद्धा "येते"च म्हणायचे, कारण त्यांनी ते बायकांच्याच तोंडून ऐकलेलं. कामोठ्याचे ते एक वडील तक्रार घेऊन आले होते. "अहो, आमचा मुलगा घरी 'मी जेवते' म्हणतो." तू म्हणालीस, "जेवतो ना? मग झालं. शाळेत गेला की पोरं चिडवतील, आपोआप सुधारेल."

आपली ती खोली म्हणजे नन्नाचा पाढाच होती. वनिताकडून "नाय", माझ्याकडून "नको", सोडायला-न्यायला येणाऱ्या नाझनीनकडून "नहीं". पोरांना तीन तऱ्हेचं नाही यायचं आणि एकही हो यायचं नाही. आणि तुझ्या दाराच्या चौकटीवरचा तो मेझुझा, तुम्हा ज्यूंची प्रार्थनेची डबी. जाता-येता तू त्या छोट्या डबीला बोटं लावून ओठांना लावायचीस. पोरांचे हात तिथवर कसे पोचणार? ती आपापल्या उंचीवर थाप मारायची. चौकटीवर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीला हातांचा काळा पट्टा उमटला होता. रंगारी तो खरवडायला निघाला तेव्हा तू त्याच्यावर धावून गेलीस. नुकतं उभं राहायला लागलेलं पोर आधी त्या पट्ट्यालाच धरायचं. चालायलाही ती एकमेकांचं बघूनच शिकायची. एक उठलं की आठवडाभरात तीन उठायची, आणि आया आपापल्या घरी जाऊन आपल्या हाताच्या मालिशचं कौतुक करायच्या.

सगळंच तुझं बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मेलीस म्हणून वाद सोडून देणाऱ्यातली मी नाही. कामोठ्यात भिंतींवर कार्टून रंगवलेल्या प्लेस्कूल निघाल्या तेव्हा मी म्हटलं, आपणही एक एबीसीचा तक्ता लावू, आयांना बरं वाटतं. तू म्हणालीस, "ए फॉर ॲपल कशाला दाखवतेस? ॲपल दे हातात." ॲपलचे भाव तुला माहीत नव्हते. तो तक्ता मी आणलेला आहे, कपाटामागे गुंडाळी करून ठेवलाय, आणि कधीतरी तुझ्या नाकावर टिच्चून लावणार होते. दुसरं म्हणजे तुझी ती दुपारची झोप. जेवणं झाली की सगळी एका ओळीत आडवी झालीच पाहिजेत, आणि झोपेच्या वेळात मोठ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. एखाद्याला झोप नसेल तर नसेल, मी म्हणायचे. तू डोळे वटारायचीस आणि ओठांवर बोट ठेवायचीस. एक जागं राहिलं तर सगळ्यांना जागं करेल, हे तुझं ठरलेलं.

आणि इस्रायल. तुझे दोन्ही भाऊ तिकडे गेले, तूही जाणार होतीस. दर उन्हाळ्यात म्हणायचीस, "ही पोरं शाळेत गेली की मी जाते." पोरं शाळेत जायची, तोवर नवीन कुणीतरी रांगत यायचं. तुझे यजमान, आपले डॅनियलभाऊ, मला म्हणायचे, "सुनीता, हिला सांग, रांगणारी संपत नसतात." एवढी एकच गोष्ट होती जिच्यासाठी तू नुसतं "जाते" म्हणायचीस, आणि तीच कधी केली नाहीस.

आता ती दुपार. मी ती लिहायची टाळत होते, हे तू एव्हाना ओळखलं असशील.

पोरं नुकतीच निजली होती. तू ओट्याला टेकून उभी होतीस, घामाने चिंब. म्हणालीस, "गॅस झालाय गं." मी लिंबू पिळायला घेतलं, पण तुझा चेहरा बघून ते बाजूला ठेवलं आणि डॅनियलभाऊंना उठवलं. ते मागच्या गल्लीत रिक्षा घेऊन आले. तू आतल्या खोलीकडे निघालीस.

"कुठे चाललीस?"

"पोरांना सांगून जाते."

"वेडी आहेस का? आत्ता निजलीत. एक उठलं तर सगळी उठतील. तासाभरात येशील परत. मागच्या दाराने जा."

तू माझ्याकडे बघितलंस. वेळ असता तर तू भांडली असतीस. पण डॅनियलभाऊंनी दंड धरला होता आणि तुला श्वास पुरत नव्हता. ती कडी तू स्वतः काढलीस, तुझीच गाठ सोडून. उंबऱ्यात थांबलीस आणि वळून, रोज आयांना म्हणायला लावायचीस तसं, अगदी नीट म्हणालीस, "सुनीता, जाऊन येते."

तेवढ्यात आत हिबा कुशीवर वळली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "शू."

माझा तुझ्याशी शेवटचा शब्द हा आहे, फ्लोराताई. आपल्या पाळणाघरात त्याचा अर्थ काय होतो ते तुला ठाऊक आहे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि आल्यागेल्याला सांगितलं असतंस. मला अजून हसू आलेलं नाही. तुझाच झोपेचा नियम मी तुझ्यावर चालवला, आणि तुझाच दुसरा नियम मोडायला लावला. तुला "ये" म्हणायला काय लागलं असतं? एक अक्षर.

पोरं उठली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. ती मोडक्या झोपेतून "फोला, फोला" करत सगळीकडे तुला शोधायला लागली. पडद्यामागे, मोरीत, कपाटाच्या फटीत. मी म्हटलं, "फोला भुर्र गेली. येते हं." इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढून माझ्या तोंडातून तेच निघालं, जे पहिल्या दिवशी निघालं होतं. आया पोरांना न्यायला येत होत्या तेवढ्यात डॅनियलभाऊंचा फोन आला. मी तो स्वयंपाकघरात जाऊन ऐकला आणि बाहेर येऊन पोरांच्या पायांत चपला घालत राहिले. मोठ्यांना दारात कानाशी सांगितलं. पोरांना काही नाही.

सात दिवस डॅनियलभाऊ तुमच्या रीतीप्रमाणे घरी जमिनीवर बसले. आम्ही येऊन भेटून जायचो. दुःखाच्या घरून निघताना "येतो" म्हणायचं नसतं, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. गुपचूप उठायचं आणि चालायला लागायचं. मला ती रीत किती सोयीची वाटली. एक दिवस ओंकारला घेऊन गेले. केवढा उंच झालाय तो, तू बघतच होतीस. तिथे बसल्या बसल्या मला विचारतो, "मी खरंच इथे असायचो?" त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. तुझ्या पायांवर झोपून ज्याने दोन पावसाळे काढले, त्याला तू म्हणजे आईची मैत्रीण. मला त्याचीही शरम वाटली, जशी काही मीच पुसून टाकलं होतं. मग आम्ही उठलो. मी मान खाली घालून दारापर्यंत गेले, आणि मागून ओंकारचा आवाज आला, फुटलेला, घोगरा.

"काका, जाऊन येतो."

बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. कुणीतरी चुक् केलं. मी मेल्याहून मेले. डॅनियलभाऊंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट वर बघितलं आणि म्हणाले, "ये रे."

आठव्या दिवशी त्यांनीच सांगितलं, पोरांना येऊ दे, मला ही शांतता सोसत नाही. पोरं आली. आणि हिबा मागच्या दाराशी जाऊन बसली. मला आधी कळेना. तू तर कायम पुढच्या खोलीत, पुढच्या दाराशी. मग ही मागे का? दुसऱ्या दिवशी एका पोराने बादली ठेवता ठेवता सहज "फोला" म्हटलं, आणि हिबाने मान वळवून ओठांवर बोट ठेवलं. "शू."

तेव्हा मला कळलं. ती झोपलेलीच नव्हती. तिने तुला कडी काढताना बघितलं होतं, मला बोट ठेवताना बघितलं होतं.

पुढचं तूच सांगू शकली असतीस. चार दिवसांत सगळ्यांनी ते उचललं. चालणं उचलतात, "दाऊन येते" उचलतात, तसं हेही. कुणी फोला म्हटलं की तिघं-चौघं ओठांवर बोट ठेवायची. जी अजून बोलत नाहीत तीही. खेळच झाला त्यांचा. तुझ्या घरात, तुझ्या चटईवर, तुझं नाव घ्यायचं नसतं हे मी तुझ्या पोरांना शिकवलं, आणि इतकं चांगलं मी त्यांना दुसरं काहीच शिकवलेलं नाही.

मी नाझनीनला म्हटलं, हिबाला सांगायला हवं. ती घाबरली. "नको ताई. तिचे अब्बापण गेलेत ना कुवेतला. मी रोज बोलते, अब्बा गेले, ईदला येणार. आता गेलेला माणूस येत नाही असं तिच्या दिमागमध्ये बसलं तर मी काय करू?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं सांगते, ते ऐकून मला हायसं वाटलं. आईच नको म्हणते, मग मी कोण सांगणारी? दहा-बारा दिवस मी त्या आडोशाला सुखात राहिले. हिबा दाराशी बसायची, मी भाजी चिरायचे, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही.

परवा नाझनीन सोडायला आली ती रडवेली. "ताई, काल अब्बांचा फोन आला. स्क्रीनवर ते दिसले की ही रोज चिल्लावते. काल तोंडावर बोट ठेवलं. शू करते अब्बाला. ते बिचारे तिकडे हिबा, हिबा करतायत आणि ही शू." तिने ओढणीने नाक पुसलं. "तुम्हीच सांगा आता तिला. जे आहे ते सांगा. मी आहे इथेच."

मग मी ते केलं, फ्लोराताई. तू केलं असतंस तसं नाही, मला जमलं तसं. हिबाशेजारी जमिनीवर बसले आणि मागच्या दाराची कडी काढली. दार सताड उघडलं. गल्लीत कुणाची तरी सायकल लावलेली, वर दोरीवर कपडे. हिबाने बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"हिबा, फोला ह्या दारातून गेली. तू बघितलंस ना?"

ती कडीकडे बघायला लागली.

"फोला आजारी होती. मग फोला मेली. आता फोला येत नाही." "मेली" हा शब्द मी पोरांसमोर कधी उच्चारला नव्हता. "अब्बा गेले, अब्बा येतात. आई जाते, आई येते. फोला येत नाही. आणि मी शू केलं ना, ते चुकलं माझं. फोला म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं."

दोन वर्षांच्या पोरीला यातलं किती समजलं, मला सांगता येणार नाही. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि चौकटीवर थाप मारली. त्या चौकटीवर डबी नाही, पट्टाही नाही. मग वळून तिने मला विचारल्यासारखं म्हटलं, "फोला दाऊन."

मी वाट बघितली. पुढचा शब्द तिला चांगला येतो. गेलं वर्षभर रोज म्हणते आहे. तो तिने लावला नाही. पुन्हा म्हणाली, या वेळी सांगितल्यासारखं, "फोला दाऊन."

तोवर बादल्या टाकून बाकीची पोरं दाराशी जमली होती. त्यातल्या एकाने सवयीने ओठांवर बोट नेलं. मी ते बोट धरलं आणि खाली घेतलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हिबाकडे बघितलं, आणि गल्लीतल्या सायकलीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडला, "फोला दाऊन!" मग दुसरं. मग सगळी. आतल्या खोलीत डॅनियलभाऊंच्या खुर्चीचा आवाज झाला. नाझनीन पुढच्या दारात तोंडावर ओढणी धरून उभी होती.

जाऊन. त्यापुढे काहीतरी यावं लागतं, नाहीतर ते वाक्य होत नाही. मी ते पुरं करायला गेले नाही, आणि कुणाला गप्पही केलं नाही.